आधी बोटं हलव

केसपेपर काढायला आलेल्याला दामूभाय आधी नाव विचारत नाहीत, बोटं हलवायला सांगतात. दुखणं कंबरेचं असलं तरी. विजेचं मीटर बघायला आलेल्यालाही त्यांनी हलवायला लावली. त्यानं हलवली.

मसोलीतल्या या हाडांच्या दवाखान्यात मी एक्स-रे काढतो. दामूभाय खिडकीत बसून उजव्या हाताने लिहितात. डावा कायम पँटच्या खिशात. त्या ऐटीवरून आम्ही पाठीमागे त्यांना 'कलेक्टर' म्हणायचो.

डॉक्टरांच्या आधी पेशंटला दामूभाय समजावतात. ड्रॉवरमध्ये त्यासाठी कडुलिंबाच्या ओल्या काड्या असतात. एक वाकवून दाखवतात. "पोरांचं हाड असं. नुसतं वाकलं तर प्लास्टर. दोन्ही हाडं सरकली आणि प्लास्टरात राहिनात, तर आत तार. पट्टी-स्क्रू शक्यतो मोठ्या पोरांना."

डॉक्टर एकदा वैतागले. "मग ऑपरेशनही तुम्हीच करा."

"टेबल रिकामं आहे का?" दामूभायनी विचारलं.

मागच्या वर्षी तलासरीकडच्या पाड्यावरून एक बाप अकरा वर्षांच्या सुनीताला घेऊन आला. ती चिंचेवरून पडली होती. हात गावातच बांबूच्या कामट्या लावून करकचून बांधलेला.

"बोटं हलव."

हलेनात. दामूभायनी पेन टाकून डॉक्टरांना हाक मारली. बांधलेलं कापल्यावर काही वेळाने बोटं जराशी हलली. एक्स-रेत दोन्ही हाडं एकमेकांवर चढलेली दिसली. हे प्लास्टरात टिकणार नाही, तार घालावी लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं.

बाप खिडकीशी येऊन म्हणाला, "चिरायचं नाय. परत बांधून घेतो. आमचा म्हातारा चांगला बांधते."

दामूभायनी डावा हात खिशातून काढून फळीवर ठेवला. दहा वर्षांत मी तो पहिल्यांदा नीट पाहिला. मनगटापासून बारीक, बोटं आत वळून आवळलेली.

"माझा बापही चांगला बांधायचा. लांबून माणसं यायची. माझा मोडला तेव्हा जरा जास्तच जपून बांधला. घट्ट. रडलो तर म्हणाला, दुखतंय म्हणजे जुळतंय."

"मग?"

"मग काय. मेला तोवर या हाताकडं बघितलं नाही त्यानं."

सुनीताच्या बापानं ऑपरेशनच्या कागदावर सही केली.

काही महिन्यांनी सुनीता तारा काढायची तारीख घ्यायला आली. खिडकीतून हात आत घालून तिनं न सांगता पाचही बोटं हलवली. मग म्हणाली, "आता तू."

"माझी रिटायर झाली," दामूभाय म्हणाले.

ती खिशाकडे बघत उभी राहिली. त्यांनी हात काढून फळीवर ठेवला. ती एकेक बोट धरून सरळ करायला लागली. होत नव्हतं. रांगेतून कुणीतरी "चला ना भाय" म्हणालं.

दामूभायनी हात मागे घेतला नाही.