प्रिंटरचा नंदादीप

यंत्रांच्या बाबतीत मला कुणी काही शिकवायला येऊ नये! आमच्या बसवनगुडीतल्या घरात मिक्सरपासून इस्त्रीपर्यंत सगळं मीच उघडतो. परत बंद करायला माणूस बोलवावा लागतो, ते सोडा. म्हणून अठ्ठ्याण्णव साली नवरात्राच्या आदल्या दिवशी नरसिंहराव साहेबांनी ऑफिसचा रंगीत प्रिंटर माझ्या घरी ठेवायचं ठरवलं, तेव्हा मी छाती काढून म्हणालो, "सर, अगदी निश्चिंत राहा. डोळ्यांत तेल घालून सांभाळतो!"

नरसिंहराव म्हणजे आमच्या पंपांच्या कंपनीचे मॅनेजर. कपाळावर उभं नाम, पांढरा शर्ट, आणि आवाज एकदम हळू. ओरडणाऱ्या साहेबाची एवढी भीती वाटत नाही हो, हळू बोलणाऱ्याची वाटते!

"पद्माकर," ते हळूच म्हणाले, "ऑफिसला रंग लावतोय, प्रिंटर धुळीत नको. नवमीला सकाळी फॅक्टरीतून नव्या पंपांचे फोटो येतील. त्याच संध्याकाळी वीस पानांचा रंगीत कॅटलॉग मला पाहिजे. दसऱ्याच्या मुहूर्तावर मोठ्या गिऱ्हाइकाला द्यायचाय. काळी शाई भरपूर आहे, पण रंगीत शाईचं कार्ट्रिज एकच आहे, सणात दुसरं मिळणार नाही. शाई संपली तर..."

इथं ते थांबले आणि माझ्याकडे बघून गोड हसले.

"होसकोटेच्या फॅक्टरीत एक जागा रिकामी आहे."

होसकोटे! आमच्या ऑफिसातला रघुजी दोन वर्षांपूर्वी तिकडे गेला. अंधारात घरून निघायचा, दोन बस बदलायचा, अंधारातच परत यायचा. शेवटी त्याचं स्वतःचं कुत्रं त्याला अनोळखी समजून भुंकायला लागलं. मग तो तिकडेच खोली घेऊन राहिला. त्याचा उल्लेख आता ऑफिसात 'बिचारा' असाच होतो.

घरी आल्या आल्या मी प्रिंटरचं माहितीपुस्तक उघडलं. एकतीस पानं वाचून झाली आणि करंट गेला. पण त्या एकतीस पानांनीच माझं रक्त गोठवलं. हा प्राणी दर वेळी चालू झाला की म्हणे आधी घसा साफ करतो, म्हणजे थोडी शाई आतल्या आत थुंकून टाकतो! आणि भिंतीवरचं बटण दाबून अचानक बंद केला, तर तोंडावर झाकण बसत नाही, शाई वाळते, मग पुढच्या वेळी आणखीच थुंकतो! आता आमच्याकडे करंट दिवसातून चारदा जाणार, चारदा येणार. नऊ दिवसांत साहेबांच्या पंपांना शाईचा थेंब तरी उरेल का?

नुसता बंद ठेवावा, तर पुस्तकात लिहिलेलं की बरेच दिवस पडून राहिला तरी शाई वाळते. उपाय एकच. नऊ दिवस प्रिंटर बंदच होऊ द्यायचा नाही!

प्रिंटरबरोबर ऑफिसचा कंप्युटर आणि यूपीएसचा डबाही आला होता. कंप्युटर बंद ठेवला आणि एकटा प्रिंटर त्या डब्याला जोडला. करंट गेला की डबा टीं टीं करून बोंबलायचा, पण प्रिंटर तासभर तग धरायचा. मी घरात फर्मान काढलं. फ्यूज उडेल असं काहीही लावायचं नाही. मिक्सर बंद, इस्त्री बंद, गीझर बंद!

"अहो, मग चटणी?" शुभदा म्हणाली. शुभदा म्हणजे आमची बायको, पुण्याची. "नऊ दिवस पाट्यावर वाटू मी?"

"होसकोटे आठव, होसकोटे!"

"तुम्ही गेलात होसकोटेला तर मला मिक्सर तरी लावता येईल!"

तिकडे मी दुर्लक्ष केलं. कारण खरा धोका दाराशी उभा होता. चंपाअक्का!

चंपाअक्का माझी थोरली बहीण. चामराजपेटेत राहते, नवरात्रात घट बसतात म्हणून नऊ दिवस आमच्याकडे. तिला करंटची भयंकर धास्ती. घरात पाऊल टाकलं की आधी चपला काढते, मग सगळी बटणं खटाखट बंद करते, मग म्हणते, "कसा आहेस रे, पद्मू?" त्या दिवशीही बोट पुढं करून ती सरळ प्रिंटरच्या बटणाकडे निघाली.

"अक्काऽऽ!" मी असा ओरडलो की शेजारचे मंजुनाथ खिडकीत आले.

"अय्यो, काय झालं? साप का?" अक्का दचकून म्हणाली.

आता तिला घसा साफ करणं वगैरे सांगून काय उपयोग? मी घाबरलेला माणूस. घाबरलेल्या माणसाला खोटं फार लवकर सुचतं!

"अक्का, तो हिरवा दिवा दिसतोय ना? तो नंदादीपासारखा आहे. घटाजवळचा दिवा कसा नऊ दिवस विझू देत नाहीत, तसाच. विझला तर माझी नोकरी गेली म्हणून समज!"

अक्काचे डोळे मोठे झाले. तिनं त्या इवल्याशा हिरव्या दिव्याकडे बघितलं, प्रिंटरला हात जोडले आणि म्हणाली, "सरी. मी आहे ना! तू स्वल्प पण काळजी करू नकोस. चाळीस वर्षं नंदादीप सांभाळतेय मी, एकदा विझला नाही."

काय डोकं चालवलं! शत्रूलाच पहारेकरी केला! मी स्वतःवर बेहद्द खूश झालो.

पण भीती काही जाईना. दिवसभर गिऱ्हाइकांकडे हिंडताना कानात टीं टीं वाजत राहायचं. तिसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळ करत होतो आणि बाहेरून 'घर्रर्र घर्रर्र' ऐकू आलं. प्रिंटर! मी तसाच साबणाच्या अंगानं, टॉवेल गुंडाळून धावत आलो. बघतो तर दिवा छान तेवतोय, अक्का समोर हात जोडून उभी.

"विझला नाही ना?"

"कसा विझेल? मी आहे ना! आधी अंग धू जा."

पाचव्या दिवशी दुपारी मी जेवायला घरी होतो, तेव्हा करंट गेला आणि येईचना. पन्नास मिनिटं झाली. डबा कोकलतोय, शुभदा घड्याळ बघून मिनिटं ओरडतेय. मी दोड्डगणपतीला नारळ बोललो. मग वाढवून पाच बोललो. मग अकरा! अठ्ठावन्नाव्या मिनिटाला पंखा फिरला. अक्का शांतपणे म्हणाली, "बघ, दिवा हललासुद्धा नाही."

असे नऊ दिवस काढले मी. जेवण जाईना, झोप येईना. पण दिवा विझला नाही!

नवमीला सकाळी दहा वाजता फॅक्टरीतून फ्लॉपी आल्या. मी हात चोळत प्रिंटरच्या खोलीत गेलो आणि दारातच थिजलो. प्रिंटरला शेवंतीचा हार. कपाळावर, म्हणजे कागद जातो तिथं, हळदीकुंकवाची बोटं. पुढ्यात लिंबू आणि चिरलेला कोहळा.

"आज आयुधपूजा!" अक्का म्हणाली. "आज आयुधाला काम सांगायचं नसतं. उद्या दसरा झाला की वापर."

"अक्का, संध्याकाळी साहेब येणार!"

"साहेबाच्या ऑफिसातली यंत्रं आज चालतायत का?"

"नाहीत गं! पण मी होसकोटेला जाईन!"

अक्कानं विचार केला. धाकट्या भावाचा पडलेला चेहरा तिला बघवेना. "असं कर," ती म्हणाली, "नंदादीपाला हात लावू नकोस. त्या दुसऱ्या, टीव्हीसारख्या डब्यानं सांग त्याला काय सांगायचं ते. त्याचा दिवा बंदच होता, त्याला मी कुंकू लावलेलं नाही."

म्हटलं, एवढं तर एवढं! कंप्युटर लावला, दाबलं बटण. पहिलं पान आलं. लालभडक पंप! दुसरं, तिसरं, चौथं. माझा जीव भांड्यात पडायला लागला. पाचव्या पानावर पंप गुलाबी झाला. सहाव्यावर त्याला कावीळ झाली. सातव्या पानावर पंपच नव्हता! नुसती त्याच्या कडेची काळी रेघ, आत सगळं पांढरंफटक.

"शाई!" मी किंचाळलो. "नऊ दिवस बंद झाला नाही, मग शाई गेली कुठं?"

"बंद कसा होईल?" अक्का अभिमानानं म्हणाली. "दोन्ही वेळा काजळी काढत होते मी."

"काजळी?"

"मग? नंदादीपाची काजळी काढावी लागते, नाहीतर ज्योत मंदावते. इथं वात दिसेना, पण दिव्याशेजारी हे बटण दिसलं. रोज सकाळ-संध्याकाळ हे दाबून धरायचं, एक श्लोक म्हणायचा. श्लोक संपला की कसा छान घर्रर्र करून उत्तर देतो!"

मी धावत जाऊन माहितीपुस्तकाचं बत्तिसावं पान उघडलं. होय, बत्तिसावं! तिथं ठळक अक्षरात लिहिलं होतं की शेजारचं बटण तीन सेकंद दाबून धरलं तर प्रिंटर आतून स्वच्छ धुतला जातो आणि त्यात पुष्कळ शाई खर्च होते. म्हणून वारंवार करू नये!

अक्काचा श्लोक चांगला दहा सेकंदांचा. रोज दोनदा, नऊ दिवस!

मी तिथंच फरशीवर बसलो. डोळ्यांपुढं रघुजीचं कुत्रं दिसायला लागलं. अक्काला काय बोलणार? खोटं मीच बोललो होतो. तिनं तर माझी नोकरी वाचवायला उपास धरले होते!

"अहो, बसून काय होणार? उठा!" शुभदा म्हणाली. "काळ्या रेघा येतायत ना? येऊ देत. पंप लालच आहेत ना सगळे?"

ती देवघरातून कुंकवाचा करंडा घेऊन आली. वाटीत पाणी, त्यात कुंकू, आणि कानात घालायच्या कापसाचे बोळे! सगळी सारखी दिसावीत म्हणून वीसही पानं काळी छापली, आणि दुपारभर आम्ही तिघं जमिनीवर बसून पंपांना कुंकू फासत होतो. मी घाईत बोळा इतका भिजवत होतो की माझे सगळे पंप गळत असल्यासारखे दिसत होते. मध्येच अक्का हळूच म्हणाली, "पद्मू, माझं चुकलं का रे?"

"नाही गं अक्का," मी म्हणालो, आणि पुढचं पान तिच्याकडे सरकवलं.

सहा वाजता बेल वाजली. नरसिंहराव! पानं अजून पंख्याखाली वाळत होती. मी दार उघडलं. साहेब आत आले, खोलीच्या दारात थांबले. हार घातलेला प्रिंटर बघितला. हिरवा दिवा बघितला. चपला काढल्या! पुढं होऊन त्यांनी चक्क नमस्कार केला.

"नऊ दिवस विझू दिला नाही, सर," अक्कानं कन्नडमध्ये सांगून टाकलं. "या पोरानं जेवण-झोप सोडून राखला."

साहेबांनी एक पान उचललं. बोटाला लाल लागलं. त्यांनी ते नाकाशी नेलं. माझं हृदय बंद पडलं होतं, तुम्हाला सांगतो!

"कुंकू?" ते हळू आवाजात म्हणाले. मी मान हलवली. "प्रत्येक पंपाला?"

"प्रत्येक पंपाला, सर."

साहेबांचे डोळे भरून आले! "आयुधपूजेच्या दिवशी, वीसच्या वीस पानांवरच्या पंपांची पूजा! पद्माकर, माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत असा कॅटलॉग झाला नाही. आमचं गिऱ्हाईक फार देवभक्त आहे. ऑर्डर आलीच म्हणून समजा!"

मी वाचलो! शुभदानं पदरानं घाम पुसला. अक्का माझ्या पाठीवरून हात फिरवत होती. साहेबांनी पानं छातीशी धरली, शर्ट लाल झाला त्याचीही पर्वा नाही. आणि दारातून मागं वळून, अगदी हळू आवाजात, फार प्रेमानं म्हणाले,

"आमच्या फॅक्टरीत दिवसातून दहा वेळा करंट जातो. जनरेटरवर भरवशाचा माणूस मिळत नव्हता. नऊ दिवस दिवा विझू न देणारा माणूस मला आणखी कुठे मिळणार? सोमवारपासून होसकोटेला या. बढती समजा!"

तेव्हापासून मी होसकोटेला आहे. रघुजी भेटतो अधूनमधून, त्याचं कुत्रं माझ्यावर भुंकतं. बसवनगुडीत मिक्सर जोरात चालू असतो, असं कळतं. दर शनिवारी अक्काचा फोन येतो आणि ती विचारते की जनरेटरलाही दिवा आहे का.

आहे. हिरवाच आहे. शेजारी एक बटणही आहे, पण ते मी तिला सांगितलेलं नाही.