शोनाच्या बाई

काकासाहेब साखर कारखान्यांच्या अभ्यासदौऱ्यावर झिंबाब्वेला जाऊन आले आणि त्यांच्या अंकुशनगरच्या इंग्रजी शाळेत आठवीपासून शोना भाषा सुरू झाली. शेजारच्या शाळेनं जर्मन आणल्यापासून त्यांना चैन नव्हतं. झिंबाब्वेतल्या एंडेबेलेचाही विचार झाला होता, पण ते नाव काकासाहेबांच्या तोंडात बसेना.

शिकवणार कोण? मराठीच्या मनीषाबाई मोकळ्याच होत्या. पालकांना गोडी नाही म्हणून मराठी आठवड्याला एका तासावर आली होती, आणि तोही बहुतेकदा खेळात जाई. नोकरी टिकवायची तर मान हलवणं भाग होतं. बाई सकाळी मोबाईलवरून शोना शिकत आणि दुपारी तीच वर्गात शिकवीत. वर्षभर एकही तक्रार आली नाही, कारण चूक काढणारा कुणी नव्हता.

शेवटी तो निघालाच. बदनापूरच्या शेती कॉलेजात शेवटच्या वर्षाला असलेला तेंदाई खुद्द झिंबाब्वेचा आहे असं कळताच काकासाहेबांनी त्याला स्नेहसंमेलनात मुलांची परीक्षा घ्यायला बोलावलं. नोकरी गेलीच, असं धरून बाई हातापाया पडायच्या तयारीनं मंचामागं गेल्या.

तर तोच घामानं डबडबलेला.

"मॅडम, मला अवघड काही विचारायला लावू नका," तेंदाई म्हणाला. "आमच्याकडं बी समदे इंग्रजीच्याच मागं. शोनात मी दोनदा नापास झाल्तो."

हे त्यानं अस्सल मराठीत सांगितलं. त्याच्या घरमालकीण आसराबाईंना दुसरी भाषाच येत नव्हती, त्यामुळे त्याचा इलाज नव्हता.

मंचावर मुलं "मकादी", म्हणजे कसे आहात, म्हणाली, तोही "मकादी" म्हणाला. मग मुलांनी अख्खा धडा घडाघडा म्हटला आणि तेंदाईचे डोळे भरून आले. "पोरांनो, तुमी तर माझ्यापेक्षा चांगलं बोलून राह्यले," तो माईकवर म्हणाला.

शोनाकडे कुणाचं लक्षच राहिलं नाही. परदेशी माणूस मराठी बोलतो म्हणजे त्या भाषेत काहीतरी असणार, हे पालकांना जागच्या जागी पटलं. मराठीचे तास वाढवा, अशी मागणी झाली. मनीषाबाईंना गहिवरून आलं. इतकी वर्षं त्या ह्याचीच वाट पाहत होत्या.

काकासाहेबांनी लगेच जाहीर केलं की जूनपासून मराठी रोज, आणि शिकवायला तेंदाई सर.

"आणि मी, साहेब?" बाईंनी विचारलं.

"तुमी शोनाच चालू ठेवा, मॅडम. अन् ह्या पोराला बी बसवत जा वर्गात. लई कच्चं है त्याचं."