डाव्या हाताची वाट

डोंगरावरच्या बागेची माहिती हवी असेल तर चौदा नंबरच्या ड्रायव्हरला विचारावं, असं डेपोत सगळे म्हणत. त्याचं स्वतःचं मतही याहून वेगळं नव्हतं. बावीस वर्षं त्यानं तीच बस चालवली होती, बाजारापासून डोंगराच्या पायथ्यापर्यंत आणि परत. त्याला नावानं कोणी हाक मारतच नसे. तो चौदा नंबरच झाला होता.

पायथ्याशी दोन वाटा फुटत. उतरलेली माणसं विचारत, वर जायला कुठली बरी? चौदा नंबर खिडकीतून हात काढून सांगे, "डाव्या हाताची धरा. सावली आहे. अर्ध्यावर दगडी बाक आहे, पुढे पाण्याचा नळ. आणि वर पोचलात की समोर तळं. घडी घालून घरी न्यावंसं वाटेल."

खरी गोष्ट अशी, की चौदा नंबर त्या डोंगरावर कधी गेलाच नव्हता. पायथ्याशी बस सात मिनिटं थांबे, तेवढ्यात जेमतेम चहा होई. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात एका बाईंनी वाट विचारली, आणि कोऱ्या गणवेशातल्या माणसाला "मला माहीत नाही" म्हणायचं जिवावर आलं. त्यानं डावीकडे बोट दाखवलं. मग ते बोट मागे घेता येईना. पुढे बाक आला, नळ आला, आणि तळं तर घरी जेवताना बायकोला सांगता सांगता वर्षागणिक रुंद होत गेलं. दुपारी दोनला त्याची पाळी संपे. वरून परतणारी माणसं दुसऱ्याच ड्रायव्हरच्या वाट्याला येत.

शुक्रवारी तो निवृत्त झाला. सोमवारी बायको म्हणाली, "आता तरी न्या की मला तुमच्या तळ्यावर."

आजवर सासूबाईंचं आजारपण होतं, मुलीच्या परीक्षा होत्या, ड्यूटी तर होतीच. आता सांगायला एकही सबब शिल्लक नव्हती.

बसवर नवा ड्रायव्हर होता, यानंच तयार केलेला. गुरूला बघून त्याला भरून आलं. पायथ्याशी तो उठून उभा राहिला आणि सगळ्यांना म्हणाला, "आज तुमचं नशीब जोरावर आहे. हे काका बरोबर आहेत. यांच्याइतका हा डोंगर कोणाला ठाऊक नाही. यांच्या मागून चला."

आणि माणसं खरोखरच मागून चालू लागली. काठी टेकत एक निवृत्त मुख्याध्यापिका, तान्हं बाळ घेतलेलं एक जोडपं, आणि रजा टाकून आलेल्या पोस्टातल्या तिघी. चौदा नंबरनं दोन्ही वाटांकडे पाहिलं. उजवीकडे कठडा दिसत होता. पण बायको शेजारीच उभी होती. तो डावीकडे वळला.

सावली दहा पावलांत संपली. पुढे नुसता दगड आणि खडी.

"बाक कुठाय?" अर्ध्या तासानं मुख्याध्यापिकांनी विचारलं.

"दुरुस्तीला नेला असेल."

"आणि नळ?"

"तोही," चौदा नंबर म्हणाला. दगडी बाक आणि अख्खा नळ कोण कुठे दुरुस्तीला नेतं, हे कोणी विचारलं नाही. विचारायला दम उरला नव्हता. बाळानं मात्र रडून घेतलं. पोस्टातल्या एकीच्या चपलेचा अंगठा तुटला. तिनं चपला हातात घेतल्या आणि प्रत्येक दगडावर "काका" एवढाच शब्द असा उच्चारू लागली, की ऐकणाऱ्याला शरम वाटावी. बायको मुकाट्यानं चालत होती. चौदा नंबरला त्या मुकेपणाचीच जास्त धास्ती वाटत होती.

वाट संपली ती एका लोखंडी फाटकाशी. फाटकाला कुलूप, आत पाण्याची टाकी. ती वाट टाकीच्या कामगारांसाठी केलेली होती. ऊन डोक्यावर आलं होतं. मुख्याध्यापिका एकदम खाली बसल्या. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. इतकी वर्षं आपण किती जणांना इथे पाठवलं असेल, हा हिशेब चौदा नंबरनं पहिल्यांदाच मांडला, आणि पुरा व्हायच्या आतच सोडून दिला.

तेवढ्यात आतून किल्ल्यांचा जुडगा वाजला. बागेची रखवालदारीण आली होती, हातात पाण्याचा कॅन.

"चौदा नंबरनं आलात ना?" ती कुलूप काढत म्हणाली. "मला वरून दिसतात माणसं. बावीस वर्षं हेच करतेय मी. एकदा एका म्हाताऱ्यांना पाठीवर घेऊन वर आणलंय. तो ड्रायव्हर मला एकदा भेटायला हवा."

नवा ड्रायव्हर काय म्हणाला होता ते सगळ्यांना आठवत असणार, पण प्रत्येक जण पाण्याकडे बघत होता. गप्प राहिलं तर निभावणार होतं. चौदा नंबरनं बायकोकडे पाहिलं. ती मुख्याध्यापिकांना वारा घालत होती.

"मीच तो," तो म्हणाला. "मी या डोंगरावर आज पहिल्यांदा येतोय."

रखवालदारणीनं या क्षणासाठी बरंच काही साठवून ठेवलं असणार. ती दोनदा बोलायला गेली. शेवटी कॅनचं झाकण पाण्यानं भरून त्याच्यासमोर धरत म्हणाली, "आधी पाणी प्या, दादा. तुम्हीसुद्धा पांढरे पडलाय."

पाणी पोटात गेल्यावर मुख्याध्यापिकांना आवाज फुटला. "चाळीस वर्षं मी मुलांना एकच सांगत आले," त्या म्हणाल्या. "उत्तर येत नसेल तर जागा कोरी सोडा."

"हो बाई," चौदा नंबर म्हणाला.

टाकीच्या आवारातून शिखर दहा मिनिटांवर होतं. वर बागेत चांगले चार बाक होते. एकामागे एक डोंगर निळे होत गेले होते, खाली सगळं शहर पसरलं होतं, आणि वारा असा, की बाळ लगेच झोपलं. दूर काहीतरी लखलखत होतं. चौदा नंबर आशेनं पुढे झाला.

"गोदामांचे पत्रे," रखवालदारीण म्हणाली.

तो बायकोशेजारी जाऊन बसला. "तळं नाहीये," तो म्हणाला.

"माहितीये. मुलगी चौथीत असताना तिच्या सहलीबरोबर आले होते मी. उजव्या वाटेनं."

चौदा नंबरला वाटलं, आपण बसल्या जागी बाकासकट खाली चाललोय. "मग आज डाव्या वाटेनं का आलीस?"

"तुम्ही इतकं रंगवून सांगायचात. म्हटलं, न जाणो, तिकडून दिसत असेल."

तिच्या आवाजात थट्टा नव्हती, आणि तेच त्याला जास्त लागलं. "पण इतकी वर्षं बोलली का नाहीस मला?"

बायकोनं पदरानं मान पुसली. "तुमचं तळं बंद केलं असतं," ती म्हणाली, "तर जेवताना पुन्हा गिअरबॉक्स ऐकावा लागला असता."