पाहुण्यांना पुणं दाखवलं

केडगावात पुण्याविषयी काही विचारायचं असलं की लोक सत्यवानरावांकडे जात. लुगडी कुठं स्वस्त, दातांचा डॉक्टर कोणता बरा, पर्वती चढायला किती वेळ लागतो. सत्यवानराव डोळे मिटून सांगत, आणि पडताळायला पुण्याला कोण जातंय? ते स्वतः मात्र बारा वर्षं पास काढून रोज जात होते. बियाण्यांच्या एका कंपनीत कारकून होते. "पुणं म्हंजी आपलं अंगण हाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

नाताळात शिरूरहून बन्यामीनमामा आणि प्रेमाबाई आले ते मेरीला पाहायला. मेरी सत्यवानरावांची थोरली. त्यांचा मुलगा शाळामास्तर, निर्व्यसनी, वर ख्रिस्ती देवळात पेटी वाजवणारा. असं स्थळ दिवा घेऊन शोधलं तरी सापडलं नसतं. पाहुण्यांनी मेरीच्या हातच्या करंज्या खाल्ल्या, तिचं गाणं ऐकलं, दोन दिवस मुक्काम केला. पण हो म्हणेनात आणि नाहीही म्हणेनात. परत जाताना त्यांना पुण्याहून शिरूरची एसटी धरायची होती. तेव्हा देवळातली उपासना सुटल्यावर सत्यवानरावांनी चारचौघांत जाहीर केलं की आपण रजा काढणार आणि पाहुण्यांना अख्खं पुणं दाखवूनच एसटीत बसवणार. त्यांच्या पत्नीनं, राहेलबाईंनी, निघताना एवढंच बजावलं, "पुणं दिसलं न्हाई तरी चालंल, पण होकार घेतल्याबिगर त्यांना गाडीत बसवू नका."

आता खरं काय ते सांगायला हवं. सत्यवानरावांना पुणं माहीत नव्हतं! सकाळच्या गाडीनं उतरायचं, टांग्यांच्या अड्ड्याला वळसा घालायचा, दोन गल्ल्या ओलांडल्या की ऑफिस. संध्याकाळी तोच रस्ता उलटा. सहाची गाडी चुकली तर घरची चूल विझल्यावर पोचायचं, म्हणून इकडंतिकडं बघायची सोय नव्हती. शनिवारवाडा त्यांनी पाहिला होता, पण कॅलेंडरवर.

तरी पुण्याच्या स्टेशनावर उतरून बसनं गेले असते तर निभावलं असतं. कुठं उतरायचं ते कंडक्टर सांगतो. पण दिवस नाताळच्या सुट्टीचे! अर्धी मुंबई पुणं बघायला लोटलेली, शाळांच्या सहली, वळकट्या, पाण्याच्या सुरया, आणि बसच्या रांगेचं शेपूट पार स्टेशनात शिरलेलं. भरलेल्या बसगाड्या न थांबताच पुढं जात होत्या. कुणाच्या तरी ट्रंकेखाली प्रेमाबाईंचं पाऊल चेपलं. तेव्हा सत्यवानराव म्हणाले की चला, पायीच जाऊ, जवळची वाट मला ठाऊक आहे.

निघाले तेही सराईतासारखे, मान वर करून, मामांना मेरीच्या शिवणकामाचं कौतुक सांगत. डोकं बोलण्यात गुंतलेलं. पायांना कुणी काही सांगितलंच नव्हतं, म्हणून पाय आपले रोजच्या कामाला लागले. बोलणं संपलं तेव्हा समोर ऑफिसचं हिरवं फाटक उभं होतं.

"इमारत चांगली हाय," प्रेमाबाई म्हणाल्या.

जुनी आहे, असं काहीसं पुटपुटत सत्यवानरावांनी पाहुण्यांना गर्रकन मागं वळवलं. आणि समोर पाहतात तो देवानंच धाडल्यासारखी एक सहल. पंधरा-वीस माणसं, आणि पुढं छत्री उंच धरलेला म्होरक्या. ज्यानं छत्री वर धरलीय त्याला रस्ता ठाऊक असणारच! सत्यवानरावांनी मंडळींना पुढं जाऊ दिलं आणि हळूच त्यांच्या मागं लागले. छत्री डावीकडं वळली, हेही वळले. छत्री थांबली, हेही थांबले. पण छत्रीवाला सारखा मागं वळून बघू लागला. शेवटी तो जवळ आला आणि कानाशी लागून म्हणाला, "राव, तुम्हीच पुढं व्हा. आम्ही बार्शीचे. तुम्ही टेसनावरनं लई झपाट्यानं निघालात, म्हणून तुमच्याच मागं आलतो. मधीच तुम्ही आमच्या मागं का गेलात ते काय कळंना."

आता पाठीशी अख्खी बार्शी आणि शेजारी होणारे व्याही. नाही म्हणायची सोयच उरली नाही. सत्यवानरावांनी मनातल्या मनात प्रार्थना केली, छाती पुढं काढली आणि पाय नेतील तिकडं निघाले. बिचारे पाय तरी दुसरीकडं कुठं नेणार?

"ही तर मघाचीच," फाटकापाशी प्रेमाबाई म्हणाल्या.

पुण्यात अशा इमारती पुष्कळ आहेत, हे सत्यवानरावांच्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात आतला शिपाई दगडोबा बिडी विझवत बाहेर आला. "सत्यवानराव, रजेवर हाय न्हवं तुम्ही? आन् ही एवढी जत्रा कशापायी?"

छत्रीवाल्यानं दगडोबाला विचारलं, आत जायला तिकीट किती.

 फजितीचं सत्यवानरावांना काही वाटलं नाही. वाईट वाटलं ते मेरीचं. बापाच्या फुशारकीपायी पोरीचं सोन्यासारखं स्थळ जाणार होतं.

"मामा," ते म्हणाले, "मला पुणं ठाऊक न्हाई. टेसन, हे ऑफिस आन् परत टेसन. सहाच्या गाडीला पोरं घरी दारात वाट बघत्यात, म्हणून कवा कुठं गेलोच न्हाई. तुमच्यापुढं उगं मिरवलो."

 दगडोबानं पाहुण्यांना आत बाकावर बसवलं, चहा आणला. बार्शीकरांनी आवारातल्या लिंबाखाली दशम्या सोडल्या. मामांनी बशीतला चहा सावकाश संपवला.

"आमचं अडलं व्हतं ते ह्याच्यावरच," ते म्हणाले. "शहरात रोज जाणारा माणूस, त्याला नाद कसले असतील, जातो कुठं, येतो कुठनं, काय कळंना. केडगावात कुणालाबी इचारावं, तर म्हणत, त्यांना पुण्यातली गल्ली न् गल्ली ठाऊक हाय. मग आमच्या जिवाला जास्तच घोर."

प्रेमाबाईंनी पदराला हात पुसले. "मेरी आमची झाली," त्या म्हणाल्या.

 सत्यवानरावांनी मामांचा हात धरला आणि बराच वेळ सोडलाच नाही. शेवटी दगडोबाच पाहुण्यांना एसटीच्या स्टँडवर पोचवून आला, कारण त्याला रस्ता ठाऊक होता.

संध्याकाळी सहाच्या गाडीनं सत्यवानराव घरी आले. होकार मिळाल्याचं ऐकून राहेलबाईंनी डोळे पुसले, पाण्याचा तांब्या पुढं केला आणि कौतुकानं विचारलं की पाहुण्यांना काय काय दाखवलंत?

"मला ठाऊक हाय तेवढं समदं," सत्यवानराव चपला काढत म्हणाले. "दोनदा."