लाल दोऱ्याची काडीपेटी

पाचवा महिना लागला तशी आशाबाईला उठता-बसता धाप लागू लागली. भिंतीची माती खावीशी वाटायची. तिच्या तीन वर्षांच्या पुंजाचं तर पोट घागरीएवढं आणि हातपाय नुसत्या काड्या. हिंगोलीच्या डॉक्टरांनी सांगितलं, "दोघांची परसाकड तपासू. काडीपेटीत घालून पाठवा."

सासू रुक्माबाईला घोर लागला. साखरा गावात तिच्या सोवळ्याचा मोठा दरारा. साबणात चरबी असते म्हणून ती साबणाला शिवत नसे, परसातल्या मातीनंच हात धुवायची. त्या परसात पोरं बसत, ती गोष्ट वेगळी!

"सुनेच्या पोटात जंत निघाले तर लोक आमाला काय म्हनतील?"

आशाबाईनं आपली पेटी ओळखू यावी म्हणून लाल दोरा बांधला. पेट्या सासूनंच फडक्यात बांधून लेकाच्या, हरिचंदाच्या हाती दिल्या.

संध्याकाळी हरिचंद परतला. बायकोकडं न बघताच म्हणाला, "लेकराला जंत हायेतच. पन डॉक्टर म्हनले, बाईच्या पोटात बाजार भरला! तिच्या हातानंच घरभर पसरून राहिले. गोळ्या संपून परत तपासेस्तोवर तिनं चुलीपाशी जायचं न्हाई, लेकराला भरवायचं न्हाई."

रुक्माबाईचं तोंड एरंडेल प्याल्यासारखं झालं.

केर टाकायला आशाबाई उकिरड्यावर गेली, तर लाल दोऱ्याची पेटी तिथं पडलेली. भरलेली. म्हणजे घराण्याची अब्रू राखायला सासूनं स्वतःची सोवळी पेटी पाठवली होती! अन् बाजार भरला होता तो सासूच्याच पोटात. आशाबाई तरातरा घरात आली. आता सगळ्यांसमोर सांगायचंच.

"बस," रुक्माबाई धुरात डोळे पुसत खेकसली. "भाकर घे. गरम हाय."

लग्न झाल्यापासून आशाबाईनं सगळ्यांच्या मागून, गारढोण खाल्लं होतं. तव्यावरची भाकर तिनं हातात घेतली आणि तोंड उघडलं ते खायलाच. उद्या सांगू, म्हणाली मनाशी. दुसऱ्या दिवशीही भाकर गरमच होती.

गोळ्यांनी आशाबाईच्या तोंडावर तजेला आला. शेजारची मालनबाई म्हणाली, "सासू असावी तर अशी!" रुक्माबाई मातीनं हात धुऊन पीठ मळी, त्याच हातानं नातवाला घास भरवी. डॉक्टरच्या दुर्बिणीला सोवळं काय कळतं, अशी तिची पक्की समजूत. पुंजाही गोळ्यांनी चार दिवस सुधारला, मग पुन्हा पोट फुगलं. एक दिवस तो ताटातच ओकला आणि त्यात वीतभर जंत वळवळला.

पुन्हा हिंगोली. डॉक्टर वैतागले. "आईनं चूल सोडली ना? मग हे आले कुठून?"

"ती माती खाती, साहेब," रुक्माबाई म्हणाली. "म्या सांगून सांगून थकले."

आशाबाईच्या मांडीवर पुंजा कण्हत होता.

"साहेब, मागली पेटी माझी नव्हती. आत्याबाईची व्हती. माझी उकिरड्यावर घावली."

रुक्माबाईनं पदर तोंडावर ओढला. डॉक्टर आशाबाईकडं वळले.

"तुम्हाला ठाऊक होतं? मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

आशाबाईनं पुंजाच्या फुगल्या पोटावर हात ठेवला. गरम भाकरीची गोष्ट काही केल्या तिच्या तोंडून निघेना.