राजहस्ताचे घड्याळाची हकीकत

॥ श्रीकालभैरव समर्थ ॥ घटका-पळे ज्याचे मुठीत त्यास दंडवत घालोन, आणि घडले त्यात पदरची भर बेताचीच घालोन, लिहिणे ऐसे जे: शके अठराशे चौऱ्याहत्तर, नंदननाम संवत्सरे, वैशाख शुद्ध नवमीस एका थोर राज्यात महाराजांचे उजवे मनगटावरील घड्याळ बंद पडिले. राज्याचे नाव लिहीत नाही, कारण तेथील लोक हयात आहेत आणि चिडके आहेत. घड्याळ परदेशचे वकिलाने नजर केले होते, आणि आत सतरा माणके असल्याचा लौकिक होता, म्हणोन खजिनदाराने उघडोन पाहिले, तो माणके मोहरीएवढी निघाली, आणि खजिनदार दोन दिवस कोणाशी बोलिला नाही. त्या नगराचा रिवाज ऐसा की महाराजांचे घड्याळी बारा वाजावे, मग गडावर तोफ उडावी, आणि तोफ उडाल्याखेरीज कोणी पानावर बसू नये. घड्याळ थांबले साडेअकरास. मग तोफ उडेना, आणि कोणी जेवेना, आणि दिवस आमरसाचे, वाट्यांत रस काळा पडो लागला, आणि सूर्य डोंगराआड गेला तरी सरकारी वेळ साडेअकराच.

तेव्हा दिवाण त्रिंबकपंत यांनी नगरचा घड्याळजी धोंडजी तांबट यास बोलाविले. हा मोठा हुन्नरी, डोळ्यास भिंग लावोन केसाएवढी कमान चिमट्याने उचलणारा. त्याने घड्याळ आपले उजवे मनगटास बांधोन दोन दिवस कामे केली, तो पळभर मागेपुढे नाही. मग वाड्यात नेऊन महाराजांस बांधिले, दुसरे दिवशी बंद. ऐसे तीन वेळा जाहले. मग पंत कोपायमान होऊन बोलिले, "तांबटा, तुझे हाती चालते आणि सरकारचे हाती थांबते, म्हणजे तूच त्यास फितविलेस. आठ दिवसांत न चालले तर तुझा उजवा अंगठा कापोन घेऊ. हुकूम लिहून तयार आहे, सही तेवढी राहिली." आता घड्याळजीचा अंगठा गेला म्हणजे चिमटा गेला, आणि चिमटा गेला म्हणजे चूल गेली.

धोंडजी घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसला. त्याची बायको सारजाबाई खमकी. ती म्हणाली, "अहो, ह्या घड्याळात किल्ली द्यायची सोयच नाही ना?"

"नाही. आत अर्धचंद्रासारखे वजन आहे. हात हलला की ते फिरते आणि कमानीस पीळ बसतो, त्या पिळावर घड्याळ चालते."

"आणि महाराज हात हलवतात?"

धोंडजीने कपाळास हात लाविला. कारण त्या राज्यात राजाचे उजवे हाताने काही करणे कमीपणाचे. घास भरविणारे चौघे होते, आणि मिशीस पीळ देणारे दोघे होते, एक डाव्या बाजूचा, एक उजव्या बाजूचा, दोघांत बोलणे नाही, आणि कान खाजविणारा एक, तोही वंशपरंपरेचा. महाराजांचा तो उजवा हात, म्हणजे राजहस्त, तीस वर्षे लोडावर होता तो होताच.

"घड्याळाला काय झालंय? हातच बंद पडलाय," सारजाबाई म्हणाली.

"हळू बोल! हे दरबारात सांगणार कोण?"

"ज्याचा अंगठा त्यानं."

मग धोंडजीने दरबारी उभे राहोन, घसा तीन वेळा खाकरोन, वजनाचा आणि कमानीचा मजकूर निवेदन केला. पंत म्हणाले, "म्हणजे महाराजांनी अंगमेहनत करावी ऐसे तुझे म्हणणे?" धोंडजी म्हणाला, "घड्याळाचे म्हणणे, सरकार. मी नुसता ऐकतो." मग मसलत बैसली. प्रथम महाराजांस पालखीत घालोन दगडी वाटेने हिंदकळत नेले. घड्याळ दोन घटका चालले, आणि महाराज दोन दिवस जेवले नाहीत. मग पंतांनी तोड काढिली, आणि फर्मान निघाले की, "ज्या हाती घड्याळ चालते, तो धोंडजीचा उजवा हात आजपासून राजहस्त समजावा." सगळे वाहवा म्हणाले. राजहस्ताचा अंगठा कापता येत नाही, म्हणोन धोंडजीही वाहवा म्हणाला. परंतु राजहस्त जाहला म्हणजे काम बंद. लागलीच घड्याळ त्याचे मनगटी बांधिले, लोड आला, भरविणारे चौघे आले, आणि धोंडजीने सवयीने चिमटा उचलला तो चोपदाराने काढोन घेतला. दुसरे दिवशी घड्याळ बंद. सारजाबाई दरबारात येऊन म्हणाली, "अंगठा ठेवलात आणि चिमटा नेलात. मग कापायचं काय बाकी राहिलं?"

पंत म्हणाले, "मग फर्मान रद्द, आणि हुकुमावर सही करितो."

इतक्यात महाराज बोलिले. महाराज क्वचित बोलत, म्हणोन सगळे दचकले. "पंत, राजहस्त तो तिकडे. मग आमचे खांद्यास हा लोंबतो, हा कोणाचा?"

पंतांनी फर्मान उलटेपालटे करून पाहिले. "सरकार, याची नोंद कोठे नाही."

मग महाराजांनी तो बेवारशी हात हळूच उचलोन आपला कान आपण खाजविला. डोळे मिटले. तीस वर्षांत नेमकी जागा सापडली नव्हती, ती सापडली. वंशपरंपरेचा खाजविणारा खांबास टेकोन रडू लागला. मग महाराजांनी आंबा घेतला, आपण पिळिला, कोपरापर्यंत रस आला, आणि म्हणाले, "फर्मान रद्द होणे नाही."

धोंडजी पाया पडला. "सरकार, आपला हात मोकळा जाहला. माझा?"

महाराजांनी कोपर चाटीत विचार केला आणि आज्ञा केली, "राजहस्त राज्यात एक पाहिजेच. तो त्रिंबकपंतांचा उजवा हात समजावा. एवढा मान दुसऱ्या कोणास देववत नाही."

पंत गहिवरोन मुजरा करावयास लवले, तो चौघांनी त्यांचा हात अधर धरोन लोडावर ठेविला. मग पंतांस अंगठ्याचे हुकुमाची आठवण जाहली, कलमदान समोरच होते, सही राहिलीच होती. पंत कलमाकडे पाहात राहिले, आणि घासवाल्याने त्यांस पहिला घास भरविला.

सारांश: घड्याळ महाराजांचे मनगटी चालते आहे, रोज किंचित मागे पडते. धोंडजीचा अंगठा धोंडजीपाशी आहे. दिवाणाचे सहीवाचून राज्याचे काही अडले नाही, याचे दिवाणांस नवल वाटते, इतरांस नाही. पाहिले तैसे लिहिले. लेखनसीमा.