तिसरं बोट

प्रज्ञाताईंना नमस्कार करावा, तर त्या आधी टॉर्च काढतात. "आ कर. आता तीन बोटं उभी घाल." आपलीच बोटं, आपल्याच दातांमध्ये. तीन गेली तर सुटलात. दोनच गेली तर त्या दिवशी तुमचं काही खरं नाही.

ताई तोंडाच्या कॅन्सरवर संशोधन करतात. सुपारी-तंबाखूचा खर्रा खाऊन खाऊन गाल आतून आखडतात, तोंड उघडेनासं होतं आणि पुढे त्यातूनच कॅन्सर उद्भवू शकतो. त्याला आधीच गाठायचं, हे त्यांचं काम. जीप घेऊन आम्ही दोघं गावंच्या गावं पालथी घालतो. त्या तोंडं बघतात, मी नोंदवहीत बोटं लिहितो.

वडनेरला एका लग्नात ताई थेट बुंदीच्या पातेल्यापुढे उभ्या राहिल्या. "बुंदी मंग. पह्यले बोटं!" अर्धं वऱ्हाड तोंडात बोटं घालून रांगेत. नवरदेवानंही मुंडावळ्या सावरत आ केला. त्याची तिन्ही गेली, तशा नवरीच्या मामानं टाळ्या वाजवल्या. मामाची मात्र दोनच गेली.

"मॅडम, माही बोटंच जाडी हायेत."

"मंग नवरदेवाची घाल!"

मी पोट धरून हसलो. खर्र्याची पुडी तेव्हा माझ्याच खिशात होती. टॉर्च माझ्याकडे वळला की "ताई, मी लिहून राह्यलो," म्हणत मी वहीत डोकं खुपसायचो. चार वर्षं निभावलं. आपण भलते हुशार, असं मला वाटायचं.

मागच्या महिन्यात हिंगणीला डबा खाताना ठेचा गालाला असा झोंबला की डोळ्यांत पाणी आलं. ताईंनी हातातली भाकर खाली ठेवली.

"आ कर."

दोन बोटं गेली. तिसरं नखापाशीच अडलं. मामाची सबब माझ्या ओठांवर आली होती, पण ताईंनी टॉर्च विझवून खाली ठेवला.

"तू लपवून राह्यला, हे मले ठाऊक होतं," ताई म्हणाल्या. "मीच टाळत होती. माह्या भावाच्या तोंडातबी पाहाचं असंच टाळलं. पाह्यलं तवा लय उशीर झालता. घरच्याच्या तोंडात पाहाची मले हिंमतच होत नाई."

मी घाबरलो होतो, पण त्या 'घरच्या' शब्दापुढे आता काही लपवावंसं वाटेना. मी पुडी काढून त्यांच्या हातावर ठेवली. दुसऱ्या दिवशी त्यांनीच मला दवाखान्यात नेलं.

आता रोज सकाळी जीप सुरू करण्याआधी माझी तपासणी होते. तिसरं बोट अजून नखापाशीच आहे. माझ्या नावाची ओळ मात्र ताई मला लिहू देत नाहीत. स्वतः लिहितात, आणि मगच जीप निघते.